फिरत्या संचातला पाचवा खंड

माझा व्यवसाय काय ते सांगितलं की लोक आधी आदराने बघतात आणि मग विषय बदलतात. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एका बोळात, चादरींच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत बसून मी ग्रंथालयांसाठी आणि शिक्षकांसाठी संदर्भग्रंथ काढते. कोश, सूची, अध्यापनाच्या परिभाषा. सगळे जाडजूड आणि कापडी बांधणीचे. कादंबऱ्या काढणाऱ्यांना वाचक भेटतात, पत्रं येतात, निदान कुणीतरी शिव्या तरी घालतं. आम्हाला पुस्तकं मिळाल्याची पोच येते, तीही मार्चअखेर असली तर लवकर.

संदर्भग्रंथ हे पुस्तकांतलं फार मानाचं स्थान आहे. एकदा 'संदर्भ' असा शिक्का बसला की ते पुस्तक घरी न्यायला बंदी. ते काचेच्या कपाटात जातं, कपाटाला कुलूप लागतं, किल्ली ग्रंथपालांच्या ड्रॉवरमध्ये राहते आणि ग्रंथपाल रजेवर असतात. एका ग्रंथपालांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं की आमचा कोश त्यांच्याकडे आला तसाच नवाकोरा आहे, वरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नाही. मी त्यांचे आभार मानले. दुसरं काय म्हणणार?

हा कोश म्हणजे आमचं मोठं काम. शिक्षकांना लागणाऱ्या सगळ्या संज्ञा, मराठीत, पाच खंडांत. संपादक दोन, दोघेही नामवंत प्राध्यापक, दोघेही शिक्षणशास्त्राचे, आणि दोघेही एकमेकांशी न बोलणारे. भांडणाचं कारण मला नीट कधीच कळलं नाही. एकाच्या सत्काराला दुसऱ्याला मागच्या रांगेत बसवलं होतं, असं काहीतरी होतं. पहिल्या सरांनी पहिले दोन खंड घेतले, दुसऱ्या सरांनी उरलेले तीन. एकमेकांना काही कळवायचं असलं तर ते मला फोन करत आणि 'त्यांना सांगा' म्हणत. मुद्रितं तपासायची वेळ आली तेव्हा दोघांनी आपापलीच तपासली. दुसऱ्याच्या मुद्रितांना हात लावणं दोघांनाही कमीपणाचं वाटलं. शुद्धलेखन मी बघितलं. प्रकाशन समारंभात दोघे व्यासपीठाच्या दोन टोकांना बसले, आणि 'समन्वयाचा आदर्श' या विषयावर पाहुणे बोलले.

कोश खपला तसा खपला. त्याचं खरं नशीब उजळलं ते कॉलेजांच्या पाहणीमुळे.

दर काही वर्षांनी कॉलेजात मूल्यांकनाला समिती येते. समिती येणार म्हटलं की इमारतीला रंग लागतो, कुंड्या येतात, आणि कुणाला तरी आठवतं की ग्रंथालयात कपाटं आहेत पण पुस्तकं जरा कमी आहेत. मग मला फोन येतो. 'मॅडम, अप्रूव्हलवर पाठवा की, पसंत पडली तर ठेवून घेतो.' मी पाठवते. समिती येते, कपाटासमोर उभी राहते, मान डोलावते, जेवायला जाते. समितीची गाडी फाटकाबाहेर पडली की पुस्तकं नापसंत होतात. आमच्या धंद्यात याला कुणी फसवणूक म्हणत नाही. याला संबंध सांभाळणं म्हणतात. मी या कामासाठी कोशाचा एक संच वेगळाच काढून ठेवला होता. आम्ही त्याला फिरता संच म्हणायचो. त्याच्यावर कुठल्याही कॉलेजाचा शिक्का मारायला मनाई होती. पातळ डिंकाने चिठ्ठी चिकटवायची आणि नंतर ओल्या फडक्याने काढायची. जिल्ह्यातला एकही तालुका या संचाने सोडला नसेल, आणि तरी परत यायचा तेव्हा पानं एकमेकांना चिकटलेलीच असायची.

एका वर्षी दसऱ्याच्या आधी हा संच करमाळ्याकडच्या एका कॉलेजात गेला. दिवाळीनंतर समिती येऊन गेली. संच परत आला नाही. इकडे अक्कलकोटकडच्या कॉलेजचा फोनवर फोन सुरू झाला, कारण त्यांची समिती सोमवारी यायची होती. मी करमाळ्याच्या प्राचार्यांना विचारलं, तर ते फोनवर बराच वेळ खाकरत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, जरा घोळ झालाय. तुम्ही स्वतःच येता का?"

सकाळच्या गाडीने मी करमाळ्याअलीकडच्या केम स्टेशनला उतरले. स्टेशनवरून कॉलेजात गेले तर प्राचार्यांनी चहा मागवला आणि नव्या ग्रंथपालबाईंना बोलावून स्वतः तातडीने कुठल्यातरी मीटिंगला निघून गेले. बाई तरुण, नुकत्याच लागलेल्या, कंत्राटावर. घोळ काय झाला ते त्यांनी न लाजता सांगितलं.

"सर म्हनले, समितीला पुस्तकांचा वापर दिसला पायजे. म्हनून मी पुस्तकं वापरायला दिली."

"कुणाला?"

"ज्यांनी मागितली त्यांना. घरी."

"संदर्भ विभागातली?"

"तीच तर कुनी कधी नेली नव्हती," बाई म्हणाल्या.

वापर दाखवा म्हणजे वापराची कागदोपत्री नोंद दाखवा, हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं. ते कुणाला सांगावं लागतं असं इतक्या वर्षांत कुणाला वाटलंच नव्हतं. समिती मात्र खूश झाली होती. रिकामं कपाट बघून अध्यक्ष म्हणे बाईंचं कौतुक करून गेले. आणि माझे पाच खंड आता पाच दिशांना होते. मी चिडले, पण बाईंवर चिडायला मुद्दा सापडेना. शेवटी त्याच म्हणाल्या, "चला, स्कूटीवर जाऊन गोळा करू," आणि पदर खोचून मी त्यांच्या मागे बसले.

दुसरा खंड केममध्येच मिळाला. तो एका विद्यार्थिनीच्या घरी गोदरेजच्या कपाटात, लग्नातल्या शालूंच्या खाली, डांबरगोळ्यांसकट ठेवलेला होता. "महागाचं पुस्तक हाय म्हनून कुनाला हात लावू दिला न्हाय," तिच्या आईने मला खात्री दिली. तिसऱ्या खंडाची दसऱ्याला पूजा झाली होती. मुखपृष्ठावर हळदीकुंकू, आत झेंडूची पाकळी, बाकी सगळं अस्पर्श. चौथा कॉलेजातल्याच एका प्राध्यापकाने नेला होता आणि नेल्याचं विसरला होता. तो त्याच्या स्कूटरच्या डिकीत निघाला, पाना-पक्कडीच्या शेजारी. मला खरं तर बरं वाटलं. पुस्तकं कपाटातून बाहेर पडली तरी आमच्या परंपरेला धक्का लागला नव्हता.

पहिला आणि पाचवा, दोन्ही एकाच ठिकाणी होते, उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या एका गावात. रस्ताभर ऊस, मग केळी, मग पुन्हा ऊस. पाण्याकडेने मोटारींचे पाइप. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एक शिक्षिका होत्या, कॉलेजातून बाहेरून एम.ए. करत होत्या. ग्रंथपालबाई स्कूटी चालवता चालवता मागे वळून मला ओरडून सांगत होत्या की पाचवा खंड ह्या मॅडमनी स्वतः नेला, पण पहिला दुसऱ्याच मुलीने नेला होता, पाण्याच्या पलीकडच्या गावात. तो ह्यांच्याकडे कसा आला ते त्यांना ठाऊक नव्हतं.

शिक्षिका घरीच होत्या. शाळेला त्या दिवशी स्थानिक सुट्टी होती. मी कोण ते कळल्यावर त्या चटकन आत गेल्या आणि दोन्ही खंड घेऊन आल्या.

"तुमीच छापलं व्हय हे?"

"हो," मी म्हणाले. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

पाचव्या खंडाकडे मी बघतच राहिले. पुठ्ठ्याचा कोपरा दबलेला. पानांत उत्तरपत्रिकांच्या फाडलेल्या पट्ट्या. एका पानावर बोटाचा तेलकट ठसा. मी पान उलटलं, तर समासात पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह होतं. लग्नघरात पहिल्या पंगतीला आग्रहाने बसवावं तसं मला झालं. हा माझा पहिला वाचक होता, माझ्यासमोर चटईवर बसलेला, आणि मी आता दोन कौतुकाचे शब्द ऐकायला सरसावून बसले.

"एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटतंय मलाच कोश बघता येत न्हाय."

त्यांनी पाचवा खंड उघडला. पट्टी होतीच. 'वाचनदोष', आणि त्याच्यापुढे दोनच शब्द: 'पाहा अध्ययन-अक्षमता.' ही सगळ्याच कोशांची रीत. एका गोष्टीला दोन नावं असली तर माहिती एका ठिकाणी द्यायची आणि दुसरीकडून तिकडे बोट दाखवायचं. अध्ययन-अक्षमता अ मध्ये, म्हणजे पहिल्या खंडात. पहिला खंड पलीकडच्या काठाला. त्यांनी चौकशी केली, एका रविवारी मासे धरणाऱ्यांच्या होडीतून पलीकडे गेल्या, त्या मुलीकडून खंड मागून आणला, घरी येऊन उघडला.

"आणि हितं बघा," त्या म्हणाल्या.

'अध्ययन-अक्षमता', पहिल्या खंडात छापलं होतं, 'पाहा वाचनदोष.'

मी दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहिली. मग चष्मा पुसून पाहिली. पहिल्या सरांनी ती नोंद दुसऱ्या सरांवर ढकलली होती आणि दुसऱ्या सरांनी पहिल्या सरांवर. त्यानंतर तो कोश राज्यभर गेला होता, समित्यांनी त्याच्याकडे बघून माना डोलावल्या होत्या, आणि या दोन पानांची गाठ आजवर कुणी घालून पाहिली नव्हती.

"तुम्हाला कशासाठी हवं होतं हे?" मी विचारलं.

त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. त्यांची मुलगी तिसरीत होती. गणित तोंडी विचारलं तर पटापट सांगायची. कविता एकदा ऐकली की पाठ. पुस्तक पुढे ठेवलं की अक्षरं हलतात म्हणायची आणि रडायची.

"मी शाळंत सगळ्यांच्या पोरांना वाचायला शिकवती, मॅडम. आणि माझीच न्हाय वाचत. गावात बोलत्यात. मारलंय मी हिला. लई मारलंय."

त्यांनी मोबाईलवर पुष्कळ शोधलं होतं. एक जण एक सांगायचा, दुसरा भलतंच, आणि मध्ये तेलाची जाहिरात. नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, मोबाईलवर काय बी असतंय. त्याने ठरवून टाकलं होतं, पुढच्या जूनला मुलीला एका वसतिगृहात घालायचं, तिथे कडक शिस्त आहे, मार बसला की वाचता येतं. त्याचं मन फिरवायला त्यांना छापील पुस्तक हवं होतं.

"पुस्तकात दाखीव म्हनले. पुस्तकात असंल तर ऐकतो म्हनले. म्हनून तर हे येवढं मोठं आनलं." त्यांनी खंडावर हात ठेवला. "मग कुटं दिलंय ते? तिसऱ्यात हाय का?"

"कुठेच नाही," मी म्हणाले.

आणि मग काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांना दोन सरांची गोष्ट सांगितली. सत्कार, मागची रांग, 'त्यांना सांगा'. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं रंगवून सांगत आले आहे आणि ती कधी पडली नव्हती. शिक्षिका हसल्या नाहीत. माझी गोष्ट संपेपर्यंत त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मग आता लिहा की."

त्यांनी चहा केला, मला हळदीकुंकू लावलं, दोन्ही खंड जुन्या वर्तमानपत्रात नीट बांधले. "न्या तुमी. ह्यात न्हाय म्हनल्यावर ठिवून काय करू?" जे न्यायला मी इतक्या लांबून आले होते ते आपणहून माझ्या हातात आलं, आणि मला ते घेताना लाज वाटली.

पाचवा खंड मुलीने उचलला. दोन्ही हातांत धरून स्कूटीपर्यंत आली.

"ह्यात चित्रं हायत का?"

"नाहीत गं."

"मग लोकं ह्येचं काय करत्यात?"

ग्रंथपालबाई खो खो हसल्या. मी खंड तिच्या हातून घेतला आणि स्कूटीवर बसले.

सोलापूरला आल्यावर मी पहिल्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, 'व' हे अक्षर माझ्याकडे नव्हतं, तुम्हाला ठाऊकच आहे कुणाकडे होतं. दुसऱ्या सरांनी तेच 'अ' बद्दल सांगितलं. नोंद नसल्याचं वाईट दोघांनाही वाटलं नाही. दुसऱ्याची चूक सापडल्याचा आनंद मात्र दोघांच्याही आवाजात मावत नव्हता. दुसऱ्या सरांनी तर पुढच्या आवृत्तीत याचा उल्लेख प्रस्तावनेत करू या असं सुचवलं. आता नोंद कोण लिहील, असं मी विचारलं. दोघंही म्हणाले, खरं म्हणजे ते त्यांचं काम आहे. मी फोन आपटला. मोबाईल आपटून काही होत नाही, पण आपटला.

मग मी आमच्याच शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. अशा मुलांचंच त्या बघतात. त्यांनी खूप समजावून सांगितलं, मी लिहून घेतलं, आणि पुढचे काही दिवस तो मजकूर कापत, बदलत, त्यांच्याकडे पाठवत बसले. त्यांचं एक म्हणणं होतं, मुलीची तपासणी झाल्याशिवाय नक्की काही म्हणता येणार नाही. ते वाक्य ठेवलं. माझं एक म्हणणं होतं, नवऱ्याला पहिल्या वाचनात कळलं पाहिजे. त्यासाठी 'संवेदनात्मक प्रक्रिया' वगैरे सगळं गेलं. 'हा आळस नव्हे आणि मंदपणा नव्हे. मारल्याने यात सुधारणा होत नाही, नुकसान होतं.' ही दोन वाक्यं मी जरा ठळक टाइपात घेतली. कोशात असं करत नाहीत.

मजकूर कोशाच्याच टाइपात, कोशाच्याच उरलेल्या कागदावर छापून घेतला. बाइंडरने पाचव्या खंडात ते पान योग्य जागी डकवलं. तो म्हणाला, "बाई, एकच प्रत?" मी म्हणाले, एकच वाचक आहे.

तो खंड मी पार्सलने उजनीकडे पाठवून दिला. त्याआधी अक्कलकोटला चारच खंड गेले होते, पाचवा मी ठेवून घेतला होता. मोकळ्या जागेत त्यांनी पितळी सरस्वती ठेवली. समितीने अहवालात 'संपूर्ण कोशसंच उपलब्ध' असं लिहिलं, आणि प्राचार्यांनी मला आभाराचं पत्र पाठवलं.

काही दिवसांनी शिक्षिकेचा फोन आला. नवऱ्याने पान दोनदा वाचलं होतं. मग सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तपासणीला सोलापूरला कधी जायचं ते विचारलं, आणि वसतिगृहाचा विषय त्यानंतर काढला नाही.

"छापलेलं हाय म्हनल्यावर गप बसले," त्या म्हणाल्या. आवाज आनंदाचा असावा असं मला वाटलं, पण त्यांचं सांगून संपलेलं नव्हतं. मी विचारलं, काय झालं?

"काल पोरगी जवळ आली. म्हनली, आई, त्या पुस्तकात माझं लिहिलंय म्हनं. मला दाव. मी दावलं. तर त्या ठळक अक्षरावर बोट ठिवून म्हनली, हितं मी आळशी हाय असं लिहिलंय का? मी म्हनलं, न्हाय बाळा, तू आळशी न्हाईस असं लिहिलंय. तर म्हनली, नीट बघ."

"मग?"

"मग काय, मी परत वाचून दावलं. तिचा इस्वास बसंना. आज सकाळी उठल्यावर पुना आनलं पुस्तक माझ्याकडं."